सुटीचे तीन दिवस आणि पवनीचे जुने शहर

शनिवार-रविवारला लागून एखादा सण आला म्हणजे सलग तीन दिवसांची सुटी पदरात पडते. युरोपातल्या लोकांना अशा सुटीचे फार अप्रूप. घरची चार माणसे, दोन पिशव्या आणि पायांत मजबूत जोडे, एवढ्या तयारीवर ती मंडळी एखाद्या जुन्या शहरी जाऊन येतात. इटलीतले रोम हे अशा शहरांचा मेरुमणीच म्हणावे लागेल. आपल्याकडची जी मुले शिकूनसवरून तिकडे नोकरीला गेली आहेत, तीही सुटी पाहून रोमला जातात आणि घरी फोटो धाडतात. मग इकडे आईबाप शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोटो दाखवून म्हणतात, "पाहा, सतराशे वर्षांपूर्वीची भिंत आहे म्हणते पोरगा!"

कौतुक रास्त आहे. रोमभोवतीचा तट ऑरेलियन नावाच्या सम्राटाने इसवी सन २७१ मध्ये बांधायला घेतला. त्याची लांबी सुमारे १९ किलोमीटर असून त्यातला बराच भाग आजही उभा आहे. पण हे कौतुक करणारी मंडळी भंडारा जिल्ह्यातली असतील, तर त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोमची ही भिंत उभी राहत होती, त्या वेळी आपल्या पवनीचा स्तूप चारशे वर्षांहून अधिक जुना झालेला होता. आणि या पवनीला जायला विमान लागत नाही. भंडाऱ्याहून एस.टी.त बसावे, पहेला आणि अड्याळ मागे टाकावे, की सुमारे ४५ किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी पवनी येते. नागपूरकडून उमरेड-भिवापूरमार्गे आलात, तर सुमारे ८० किलोमीटर पडते.

आपण म्हणाल, "पवनी काय आम्हांला ठाऊक नाही होय? बाजाराला जातो, लग्नाला जातो, तहसिलीच्या कामाला जातो." अगदी खरे आहे. पण बाजाराला जाणे निराळे आणि शहर पाहायला जाणे निराळे. बाजाराला गेलेला माणूस भाव पाहतो, तट पाहत नाही. म्हणून आज दोन गोष्टींचा विचार करू. घरच्या माणसांना घेऊन तीन दिवसांत पवनी कशी पाहावी, ही पहिली. ती तशी पाहणे गरजेचे का आहे, ही दुसरी.

जाण्याचा हंगाम आधी ठरवा. धानाची कापणी-मळणी आटोपली, की पौष-माघात हात जरा मोकळे असतात, ऊनही सोसवते. त्या सुमारास जोडून सुटी आली तर उत्तम. सोबत पाण्याचे भांडे, शिदोरी, डोक्याला दुपट्टा आणि मुलांसाठी एक वही, एक पेन्सिल, पाच-सात हात सुतळी एवढे घ्या. सुतळी कशाला ते पुढे सांगतो. मुक्कामाला पवनीत कुणी पाव्हणे असतील तर बरेच झाले. नसतील तर उतरण्याची चौकशी आधी करून ठेवा, म्हणजे पहिलाच दिवस पिशव्या वागवण्यात जाणार नाही.

पहिला दिवस तटासाठी ठेवा. पवनीची ठेवण समजली, की बाकीचे आपोआप समजते. एका बाजूला वैनगंगेचे पात्र आणि उरलेल्या तीन बाजूंना मातीचा थोर तट, तटाबाहेर खंदक, अशी या नगराची जुनी रचना आहे. गावात कुणालाही विचारा, तो म्हणेल, हा पवनराजाचा किल्ला. पवनराजाची कथा मुलांना जरूर सांगा. त्याच्याजवळ म्हणे परीस होता. कास्तकारांकडून तो पैशांत सारा घेतच नसे. नांगराचे झिजलेले लोखंडी फाळ घ्यायचा, परीस लावायचा, आणि फाळाचे सोने व्हायचे! हीच कथा वर्ध्याकडे पवनारलाही सांगतात. कथा ती कथाच, तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण तिच्यात एक खूण आहे. नांगराच्या फाळावर राज्य श्रीमंत होते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना पक्की ठाऊक होती. धान पिकवणाऱ्या सुपीक मुलखात, बारमाही नदीच्या काठी, उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटांच्या टप्प्यात हे नगर वसले. खायला अन्न, प्यायला पाणी, व्यापाराला वाट. नगर वसायला आणखी काय पाहिजे?

तटावर चढलात की घाई करू नका. मुलांना विचारा, हा डोंगर आहे की माणसाने रचलेली माती? ते कसे ओळखायचे? डोंगर मनाला येईल तसा वाकतो. तट मात्र गावाला कवेत घेत एका बेताने फिरतो. आतल्या बाजूने उंची किती आणि बाहेरच्या बाजूने किती, ते सुतळीने आणि पावलांनी मापायला लावा. खंदक जिथे ओळखू येतो, तिथे थांबून एक हिशेब घाला. खंदकातून जेवढी माती निघाली, तेवढी तटावर गेली. म्हणजे एकाच खणण्यात शत्रूसाठी खड्डा आणि आपल्यासाठी भिंत! बोडी खणताना आपणही हेच करतो. खड्डा खोल होत जातो, तसतशी पाळ उंच होत जाते. ज्या मुलाने गावची बोडी खणताना पाहिली आहे, त्याला दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर काय करीत होता, हे समजायला पुस्तक लागणार नाही.

आता जे दरवाजे आणि दगडी बांधकाम दिसते, ते सगळे एकाच काळचे समजू नये. मूळ तट फार जुना. वरचे दगडी काम पुढच्या राजवटींत होत गेले. आपल्या घराचेच पाहा. भिंत आज्याने घातलेली, कवेलू बापाने बदललेले, फरशी मुलाने बसवलेली, आणि तरी आपण त्याला एकच घर म्हणतो. शहराचेही तसेच असते. कोणता भाग कुणाच्या हातचा, हे ओळखू येणे, यालाच शहर वाचणे म्हणतात.

दुसरा दिवस जगन्नाथ टेकडीसाठी ठेवा, आणि सकाळी लवकर निघा. टेकडीवर जगन्नाथाचे देऊळ, म्हणून हे नाव. वर्षानुवर्षे लोक तिला साधी टेकडी समजत आले. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीत उत्खनन केले. विद्यापीठाकडून डॉ. शां. भा. देव आणि सर्वेक्षणाकडून जगत्पती जोशी यांनी ते काम चालवले. टेकडीच्या पोटातून काय निघाले? विटांचा एक प्रचंड स्तूप! सांचीच्या मोठ्या स्तूपाशी तुलना व्हावी, एवढा त्याचा घेर. चांडकापूर टेकडीतही स्तूप असल्याचे आढळले. पुढे १९९४ साली पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा उत्खनन केले.

स्तूप म्हणजे काय, हे मुले हमखास विचारतील. देवळात आपण आत जातो, गाभाऱ्यापुढे हात जोडतो. स्तूपाला आत जायची जागाच नसते. तो भरीव घुमट असतो. बुद्धाचे किंवा थोर भिक्षूंचे अवशेष, अथवा त्यांची आठवण, या घुमटात जपलेली असते, आणि भाविक बाहेरून प्रदक्षिणा घालतो. घुमटाभोवती फिरायला वाट, त्या वाटेला दगडी कठडा, आत यायला तोरण आणि घुमटाच्या माथ्यावर छत्र, अशी त्याची मांडणी असते. या कठड्याला वेदिका म्हणतात. पवनीच्या स्तूपाचा असा कठडा आणि त्याचे कोरीव खांब मिळाले. त्या खांबांवर बुद्धाची मूर्ती शोधू नका, ती सापडणार नाही. त्या जुन्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात कोरीत नसत. बोधिवृक्ष, धर्मचक्र, रिकामे आसन अशा खुणांनी त्याची आठवण देत. पवनीच्या एका शिल्पात फणा काढलेला नाग आहे आणि त्याचे नावही कोरलेले आहे, मुचलिंद. कथा अशी, की ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात बसले असता मोठे वादळ उठले, तेव्हा मुचलिंद नागाने आपला फणा त्यांच्यावर छत्रासारखा धरला. नागपंचमीला वारुळाशी दूध ठेवणाऱ्या आपल्या आयाबायांना ही कथा परकी वाटायची नाही.

या खांबांवर आणखी एक मोलाची चीज आहे, ती म्हणजे अक्षरे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. हे राजांचे हुकूम नव्हेत. अमक्याने हे दान दिले, तमकीने हे दान दिले, अशी साध्या माणसांची नोंद आहे. आज देवळाच्या पायरीवर किंवा पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव असते ना? तसेच. म्हणजे एवढा मोठा स्तूप एका राजाच्या तिजोरीतून उभा राहिला नाही. गावोगावच्या लोकांनी आपापला खांब, आपापला दगड दिला.

शिक्षक बंधू-भगिनींनी इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ही ब्राह्मी लिपी मधल्या काळात कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने तिचे कोडे सोडवले. कसे? सांचीच्या कठड्यावरच्या पुष्कळ छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती दोन अक्षरे येतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने ताडले, की मंदिराच्या खांबावर शेवटी पुन्हा पुन्हा काय लिहिणार? दानच! 'दानं' हा शब्द लागला आणि त्याच्या आधाराने बाकीची अक्षरे एकेक करून उलगडली. लोकांनी चार पैसे दान देऊन नाव कोरले नसते, तर सम्राट अशोकाचे लेख वाचायला आणखी किती काळ लागला असता कोण जाणे!

वर्गात करता येईल असा एक सोपा पाठही यात आहे. ब्राह्मीतला 'न' म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या मधोमध उभी केलेली रेघ. 'ग' म्हणजे घराच्या छपरासारख्या दोन उतरत्या रेघा, वर टोकाला जुळलेल्या. 'र' म्हणजे नुसती एक उभी रेघ. या तीन खुणा ओळीने काढल्या, की शब्द झाला, नगर. टेकडीच्या पायथ्याशी धुळीत काडीने हा शब्द लिहून पाहा. पाच मिनिटांत तुमच्या मुलाने दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांत पवनीची ओळख लिहिलेली असेल. मात्र तो धुळीतच लिहावा. खांबावर किंवा विटेवर रेघ ओढायची नाही.

कुणी विचारील, खणून काढलेल्या गोष्टी इतक्या जुन्या आहेत, हे कशावरून ठरवतात? त्यात जादू काही नाही. आपल्या घरची जमीन आठवा. दर सणाला सारवण होते. वर्षानुवर्षांच्या सारवणाचे थर एकावर एक बसतात. वरचा थर नवा, खालचा जुना. आता मधल्या एखाद्या थरात आजीचा हरवलेला मणी सापडला, तर तो केव्हा पडला याचा अंदाज बांधता येईल की नाही? उत्खननात हेच करतात. माती थराथराने, खुरप्याने आणि ब्रशाने उतरवतात. कोणत्या थरात कोणते खापर, कोणते नाणे मिळाले, याची बारीक नोंद ठेवतात. एखाद्या थरात ठसा उमटवलेली चांदीची जुनी नाणी मिळाली, की त्या थराचे वय कळते आणि त्याच थरातल्या खापरांचेही कळते. म्हणूनच पुरातत्त्वाच्या माणसाला सोन्याच्या नुसत्या हंड्यापेक्षा आपल्या जागी असलेले खापर अधिक मोलाचे वाटते. खापर जागेवरून हलले, की ते मुके झाले.

पवनीत सापडलेल्या आणखी तीन वस्तू ध्यानात ठेवा. पहिली म्हणजे भगदत्त नावाच्या भार वंशातल्या राजाचा शिलालेख. त्याने पादुकांचा एक पट्ट बसवला, असे तो लेख सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. दुसरी म्हणजे महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ. छायास्तंभ म्हणजे गेलेल्या माणसाचा स्मृतिस्तंभ. आपल्याकडे वीराच्या नावाने दगड उभा करतात, त्यातलाच प्रकार. क्षत्रप हे शकांचे पद. शक लोक मुळात मध्य आशियाकडचे. त्यांच्यातला कुणी वैनगंगेच्या काठावर मरण पावावा आणि त्याच्या नावाने इथे खांब उभा राहावा, यावरून त्या काळी पवनीची वाट किती लांबपर्यंत जात होती, ते कळते. तिसरी वस्तू म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली दानाची सनद. राजा पाचव्या शतकातला. पवनीचे काही कोरीव दगड नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात ठेवलेले आहेत. १८६३ साली स्थापन झालेले हे संग्रहालय आपल्या लोकांच्या तोंडी 'अजब बंगला' म्हणून आहे. नागपूरकडून येणाऱ्यांनी जाता-येता तिथे तासभर काढावा. बंद असण्याचा वार आधी विचारून घ्यावा, म्हणजे हेलपाटा होणार नाही.

तिसऱ्या दिवशी नदी आणि जिता गाव पाहा. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जाते. पवनीला ती घाटांच्या पायऱ्यांना भेटते. घाटावर सकाळी अर्धा तास स्वस्थ बसा. देवळे इतकी आहेत, की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी पाच मुखांचा गणपती इथलाच. बुद्धाचा स्तूप, टेकडीवर जगन्नाथ, घाटावर महादेव आणि गावात गणपती. पवित्र मानलेली जागा माणसे शतकानुशतके पवित्रच मानीत आली, नावे तेवढी बदलत गेली. पवनी तालुक्यातच रुयाड-सिंदपुरी येथे अलीकडच्या काळात महासमाधी भूमी हा मोठा नवा स्तूप उभा राहिला आहे. वेळ असेल तर तो पाहा आणि जुन्या स्तूपाशी ताडून पाहा, म्हणजे जमिनीखाली गेलेली मांडणी डोळ्यांपुढे उभी राहील.

दुपारी कोष्टी मंडळींची चौकशी करा. पवनीची बारीक सुताची धोतरे आणि रेशीमकाठी वस्त्रे एके काळी मध्यप्रांतात नावाजलेली होती. गिरणीच्या कापडाने हातमागाची ऐट घालवली, ही कथा सगळीकडचीच. पण ज्या घरात अजून माग आहे, तिथे उंबऱ्याशी उभे राहून, परवानगी घेऊन, तो चालताना मुलांना दाखवा. शहर म्हणजे केवळ तट आणि टेकड्या नव्हेत. हातांतली विद्याही शहराचाच वारसा आहे, आणि ती मातीखाली टिकत नाही.

हाताशी वाहन असेल, तर परतताना गोसेखुर्दचे धरण पाहून जा. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. ३३ दरवाजांची ती भिंत पाहताना मुलांना आठवण द्या, की या पाण्याखाली काही गावे गेली आणि तिथल्या लोकांना घरे सोडून दुसरीकडे वसावे लागले. गाव मातीखाली जाते, तसे पाण्याखालीही जाते. जुन्या पवनीची माणसे कशी राहत होती हे आपण खापरांवरून शोधतो; बुडालेल्या गावांची माणसे मात्र आज आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी आताच लिहून ठेवता येतील. आसपासच्या शाळांनी हे काम हाती घ्यावे, इतके ते मोलाचे आहे.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. पवनी नीट पाहणे गरजेचे का?

रोमची हकीकत अर्धीच सांगितली होती, ती पुरी करतो. रोमचे राज्य मोडल्यावर त्या शहराचे काय झाले? जिथे एके काळी सभा भरत, त्या चौकात गुरे चरू लागली. लोक त्या जागेला गुरांचे मैदानच म्हणत. संगमरवराचे तुकडे भट्टीत घालून चुना करीत. १३४९ च्या भूकंपात तिथल्या मोठ्या वर्तुळाकार रंगमंडळाचा एक भाग कोसळला, तर ते दगड नव्या वाड्यांना आणि इमारतींना वापरले गेले. आज ज्या शहराला जग पाहायला जाते, त्याचीच ही गत होती! आपल्याकडेही निराळे घडले नाही. कृष्णाकाठच्या अमरावतीचा स्तूप अठराव्या शतकाच्या अखेरीस एका जमीनदाराने नव्या गावाच्या बांधकामासाठी दगडांची खाण समजून उपसला. मध्य प्रदेशातल्या भरहुतला १८७३ साली कनिंगहॅम पोचला, तोवर स्तूपाचा बहुतेक भाग लोकांनी घरे बांधायला नेलेला होता. जे उरले, ते कलकत्त्याच्या संग्रहालयात न्यावे लागले. आज भरहुतच्या माणसाला भरहुत पाहायचे तर कलकत्त्याला जावे लागते.

यात कुणाला दूषण द्यायचे कारण नाही. ज्याला घर बांधायचे आहे, त्याला समोर आयती वीट दिसते आणि तो ती उचलतो. ती वीट म्हणजे पोथीचे पान आहे, असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. पवनीचा तट जागोजाग ढासळला आहे. पावसाने माती धुपते, झाडांची मुळे सांधे फोडतात, वाढत्या वस्तीला जागा पाहिजे असते. तटाला लागून राहणारा माणूस गरजवंत असतो, आणि सरकारी फलक एकट्याने राखण करू शकत नाही. मग राखण कोण करील?

रोमच्या लोकांनी दगड उपसणे बंद केले, ते काही केवळ कायद्याच्या धाकाने नव्हे. दूरदूरचे लोक ती पडकी भिंत पाहायला येऊ लागले, शाळेतली मुले येऊ लागली, आणि भिंतीजवळ राहणाऱ्या माणसाला वाटू लागले, की अरे, ही आपली चीज आहे. जी गोष्ट कुणी पाहायला येते, ती मोडायला माणसाचा हात कचरतो. म्हणून तीन दिवसांची सुटी काढून पवनीला जाणारे कुटुंब केवळ हवापालट करीत नाही. ते तटावर नुसते चालले, तरी राखणदारीचे काम करीत असते.

याशिवाय प्रत्येकाला करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. पवनीच्या आसपासच नव्हे, सगळ्या वैनगंगेच्या खोऱ्यात कास्तकाराच्या नांगराला जुन्या वस्तू लागतात. शेजारच्या कुही तालुक्यातल्या अडमला तर तटबंदीचे अख्खे जुने नगर निघाले, आणि तिथे मिळालेल्या एका मुद्रेवर 'असक जनपद' असा उल्लेख आहे. तेव्हा बांधीत किंवा विहीर खणताना आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची जाड वीट लागली, अक्षरे कोरलेला दगड लागला, नाण्यांचे मडके किंवा तांब्याचा पत्रा लागला, तर एवढे करा. तिथले खणणे थांबवा. वस्तू घासूनपुसून लख्ख करू नका. मळाबरोबर तिची ओळखही जाते. मोबाईलवर जागेचा आणि वस्तूचा फोटो काढून ठेवा. पोलीस पाटील, तलाठी किंवा तहसीलदार यांना कळवा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी चीज सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. सांगितले तर सगळेच जाईल, ही भीती मनात धरू नका. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याचा वाटा आणि मोबदला यांची तरतूद त्याच कायद्यात आहे. लपवले तर मात्र तो हक्क जातो आणि वर शिक्षा होते. पुरातन वस्तू परदेशी पाठवणे आणि परवान्याशिवाय त्यांचा धंदा करणे, हे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा दारावर येऊन जुनी नाणी मागणाऱ्या फिरत्या माणसाला वाटाण्याच्या अक्षता लावलेल्या बऱ्या.

प्रवरसेनाचा तो ताम्रपटच घ्या. भंडारा हा भांड्यांचा गाव. तांब्या-पितळेची मोड घेणारे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्याच्या हाती ते पत्रे लागले, त्याने ते मोडीत घातले असते, तर एखादी घागर तेवढी झाली असती, आणि पंधराशे वर्षांपूर्वीची राजाची सनद भट्टीत वितळून गेली असती. ते पत्रे वाचणाऱ्यापर्यंत पोचले, म्हणूनच आज आपण त्या सनदेबद्दल बोलू शकतो. इतिहास असा एकेका माणसाच्या शहाणपणावर टिकतो.

गुरुजींना आणि बाईंना अखेरीस एक विनंती आहे. सहलीनंतर 'आमची सहल' हा निबंध आपण मुलांकडून लिहून घेतोच. या वेळी निबंधाऐवजी नकाशा काढून घ्या. नदी कुठे, तट कुठून कुठवर, खंदकात पाणी आहे की शेती, दरवाजा कोणत्या दिशेला, टेकडी गावापासून किती पावलांवर. तट कुठे ढासळला, कुठे माती उचललेली दिसते, तेही त्यात दाखवायला सांगा. खाली तारीख घाला आणि तो कागद शाळेच्या कपाटात जपून ठेवा. पाच वर्षांनी पुढची मुले तिथेच नेऊन दुसरा नकाशा काढून घ्या आणि दोन्ही समोरासमोर धरा. तट किती उरला, हे मग कुणाला विचारायची गरज पडणार नाही. आणि त्यात काही उणे दिसले, तर तहसिलीत आणि पुरातत्त्व खात्यात दाखवायला तुमच्या हाती पुरावा असेल, तोही मुलांनी स्वतः मोजून तयार केलेला.